‘घरचे’ नावाचं फोल्डर

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे अर्ज भरणं. कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि संगणकातलंही मला अर्धंमुर्धंच कळतं. चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचा अहवाल टाइप करून द्यायचा होता. शनिवारपर्यंत दिला नाही तर पुढचं सत्र येईस्तोवर थांबावं लागणार होतं. माझ्याकडचा लॅपटॉप जऊळक्याच्या शाळेतल्या निवृत्त सरांचा. मुलाकडे पुण्याला जाताना त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. दोन जीबी रॅम, बॅटरी मेलेली. विंडोज सुरू होईपर्यंत आईच्या भाकरी होऊन जात.

वाशीमला जुने संगणक दुरुस्त करणाऱ्या चाचांनी दोन पेनड्राइव्ह दिले. दोन्हींत लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. एक दिसायला देखणं, पण ब्राउझर उघडला की लॅपटॉप गोठायचा. दुसऱ्यात नुसता करडा पडदा आणि खाली एक पट्टी. पण बोट उचलायच्या आत अक्षर उमटायचं.

“हेच टाक,” चाचा म्हणाले. “जुनं सगळं पुसून टाक. पेनड्राइव्हवरूनच चालवशीन, तर बंद केलं का लिहेलं गेलं समज.”

“त्यात सरांचं एक फोल्डर आहे. ‘घरचे’ नावाचं.”

“मंग इचार त्याहिले. लॅपटॉप तुले देला का सांभाळाले देला?”

फोल्डर मी उघडलं नव्हतं. सरांच्या पत्नी गेल्या वर्षी वारल्या. त्यांचे फोटो असतील, आणि न विचारता कुणाच्या घरात शिरल्यासारखं होईल, असं वाटलं. कॉपी करायला जावं आणि काही बिघडावं, हीही भीती. सरांना मेसेज केला. एकच टिक आली. फोन बंद.

मग मी जो उपाय काढला, त्याची आज लाज वाटते. पेनड्राइव्हवरूनच काम करायचं आणि लॅपटॉप बंदच करायचा नाही. सोमवारपासून तो सुरू होता. त्या आठवड्यात लाईनही गेली नाही. अहवाल स्वतःला मेल करून ठेवावा असं रोज वाटे, पण पूर्ण झाल्यावर करू म्हणून राहून जाई.

गुरुवारी कॉलेजातून आलो तर पडदा काळा. आई भाजी निवडत होती.

“लय तापला होता तो,” ती म्हणाली. “चार दिवसांपासून जागाच हाय. म्हटलं, जरासा आराम करू दे. बटन बंद केलं.”

मी म्हटलं, बरं केलंस.

वहीत कच्चं लिहिलेलं होतं. शुक्रवार-शनिवार चाचांच्या दुकानात बसून ते पुन्हा टाइप केलं. चाचांनी आधीच बजावलं होतं, त्यांच्याकडे बघायची लाज वाटत होती. तरी शेवटची दहा पानं राहिलीच. ती रविवारी संपवून सोमवारी अहवाल नेला. विभागात तो घेतला, पण पुढच्या सत्रात धरू म्हणाले. आईला मी नुसतं ‘दिला’ एवढंच सांगितलं.

पंधरा दिवसांनी त्या एका टिकेच्या दोन झाल्या. सरांचं उत्तर आलं: फोन बिघडला होता, आज नवा घेतला. फोटो तर मी लॅपटॉप देण्याआधीच काढून घेतले बाळा. ते फोल्डर रिकामं आहे. तू उघडून पाहिलं नाहीस का?