आम्ही तिघं आणि मर्ज झालेले बिशप

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. सिंकमधल्या भांड्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि मग एक दिवस वैतागून घासायला घ्यावे लागतात. तर आज घेते.

मी मेघना. मूळची पुण्याची, इतिहासात पीएचडी. सध्या सिंगापुरात वन-नॉर्थ नावाच्या संशोधन वसाहतीतल्या एका ऑफिसात बसून दक्षिण इटलीतल्या छोट्या छोट्या गावांचे बिशप लावत असते. म्हणजे कुठल्या गावाला कधीपासून बिशप होता, कोण होता, पुढे त्याचं काय झालं. बिशपच्या अखत्यारीतला मुलूख म्हणजे डायोसिस. तिकडे एकेकाळी चार गल्ल्यांच्या गावालाही स्वतःचा डायोसिस आणि स्वतःचा बिशप असायचा. आमच्या वरच्या मजल्यावर कॅन्सरची औषधं शोधतात, खालच्या मजल्यावर ॲप्स बनवतात. लिफ्टमध्ये कोणी विचारलंच, तर मी "डेटा" म्हणते आणि गप्प बसते.

टीम तिघांची. प्रोफेसर तिकडच्याच कालाब्रियाचे. हुई लिंग इथली, आणि रविवारी नेमाने चर्चला जाणारी आमच्यात ती एकटीच. तिसरी मी. ग्रँट वर्षावर्षाने वाढवून मिळते. गेल्या वर्षी नवऱ्याची बँकेतली नोकरी गेली, तेव्हापासून नवरा, मुलगी, घर, सगळं माझ्याच पासवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. त्यामुळे ग्रँटची वेळ आली की मी पुण्याच्या तिकिटांचे दर बघून ठेवते.

आई पुण्याहून फोनवर विचारते, "अगं, या कामाला इटलीत माणसं नाहीत का?" आहेत. पण प्रोफेसर इथे शिकवतात, म्हणून ग्रँट इथे. हे मी तिला दर फोनला सांगते. ती "बरं" म्हणते आणि पुढच्या फोनला परत विचारते.

*

पासिर रिसला एका ओळखीच्यांकडे सत्यनारायण होता. प्रसाद खाता खाता देशपांडेकाकांनी मला गाठलं. काका बँकेतून रिटायर झालेत, पण बँक काही काकांमधून रिटायर झालेली नाही. मी त्यांना सगळं नीट सांगितलं. एका डोंगरावर एक बिशप, समोरच्या डोंगरावर दुसरा, दोघांच्या मध्ये एक ओढा.

काका म्हणाले, "म्हणजे शुद्ध ओव्हरस्टाफिंग!"

पुढे बरेचसे डायोसिस एकमेकांत विलीन केले, असं मी म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. आमच्या बँकेने हे पहिल्याच क्वार्टरला उरकलं असतं म्हणाले. मग शिऱ्याचा घास हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या प्रोजेक्टला किती माणसं?"

तिघं म्हटल्यावर काकांनी नुसती मान हलवली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

*

आता माझा पराक्रम. एका गावात मी एकाच बिशपला नव्वद वर्षं गादीवर बसवलं. तिकडे काकानंतर पुतण्या बिशप होणं ही नेहमीची गोष्ट, आणि पुतण्याचं नावही बऱ्याचदा काकाचंच. माझ्या हातून दोघांचा एक झाला.

प्रोफेसरांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. कालाब्रियात माणसं दीर्घायुषी असतात खरी, असं शांतपणे म्हणाले. मग म्हणाले, "पण या गावात मलेरिया होता. इथे नव्वद वर्षं डाससुद्धा टिकला नसता."

*

हुई लिंगचा पराक्रम माझ्यापेक्षा मोठा आहे. डोंगरातल्या गरीब गावावर नेमलेले कित्येक बिशप तिकडे फिरकायचेच नाहीत. तब्येतीचं कारण सांगून नेपल्सला राहायचे आणि तिथूनच हुकूम सोडायचे. अशा बिशपपुढे काय लिहावं हे हुई लिंगला समजेना. तिने सरळ लिहिलं, "वर्क फ्रॉम होम".

नंतर बदलू म्हणून ते तसंच राहिलं, आणि ग्रँटच्या रिव्ह्यूला मोठ्या पडद्यावर झळकलं. आता गेली ग्रँट, चला पुण्याला, असं मी मनात म्हणूनसुद्धा टाकलं. रिव्ह्यूला आलेल्या बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, सतराव्या शतकात?

"हो," प्रोफेसर म्हणाले. "तेव्हाही त्यावर कोणाला काही करता आलं नाही."

बाई हसल्या. वर्षभराचं भागलं.

*

एकदा तिकडच्या एका पाद्रीबुवांचा ईमेल आला. आमच्या वेबसाइटवर शेजारचं गाव त्यांच्या गावाच्या वर का? हुई लिंगने नम्रपणे कळवलं की क्रम अक्षरांप्रमाणे आहे. बुवांचं उलट उत्तर आलं: "आमचा बिशप तुमच्या अक्षरांच्या आधीपासून आहे."

हुई लिंगने ते प्रिंट काढून फ्रीजवर लावलंय. फ्रीज आमच्या आणि ॲपवाल्यांच्या सामाईक वापरातला आहे. ॲपवाले त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि आम्हाला काहीच विचारत नाहीत.

*

प्रोफेसरांचं स्वतःचं गावही असंच गेलेलं. डायोसिस शेजारच्या गावात विलीन झाला. कागदावर दोन्ही नावं आहेत, मधे हायफन आहे, पण बिशप राहतो तिकडे. गावातलं कोर्ट गेलं, हॉस्पिटल गेलं, तेव्हा लोक नुसते कुरकुरले. बिशप गेला त्या दिवशी प्रोफेसरांच्या वडिलांनी दुकान बंद ठेवलं होतं. आता त्यांचं तिथे कोणी नाही, आणि परत जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलंय. शिकवायचं, संध्याकाळी हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत जेवायचं, इथेच हातपाय थकेपर्यंत काम करायचं. काम सुटलं तर मात्र त्यांनाही त्या गावावाचून दुसरी जागा नाही.

माझी मुलगी एकदा आमच्याबरोबर जेवायला होती. तिने हे सगळं ऐकलं आणि नूडल्स ओढत त्यांना अस्सल सिंगापुरी इंग्रजीत सल्ला दिला, "अंकल, नेक्स्ट टाउन ओन्ली. टेक बस लाह."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रोफेसर मात्र तिला म्हणाले की बसने जाता येतं गं, माझे वडील तेवढे तिकडे कधी गेले नाहीत.

*

आणि हा गेल्या महिन्यातला.

डीननी आम्हाला बोलावलं. जुरोंग ईस्टला युनिव्हर्सिटीचं एक ऑफिस आहे, तिथे हॉकर सेंटरांच्या इतिहासावर एक प्रोजेक्ट चालतो. आमचा प्रोजेक्ट त्यात विलीन करायचा ठरला होता. इटलीचे बिशप आणि सिंगापूरचे हॉकर एकत्र का, हे कोणी विचारलं नाही. विचारायचं त्राणच नव्हतं. नावात दोन्ही राहतील, असं डीननी आपणहून सांगितलं. फक्त आमच्या तिघांतली एक जागा कमी होणार होती. प्रोफेसर अर्थातच राहतील. हुई लिंग आणि मी, यांतली एक कोण ते प्रोफेसरांनी आठवड्यात सांगायचं.

तो आठवडा वाईट गेला. हुई लिंगच्या घरी आजारी वडील आहेत आणि कमावणारी ती एकटी. माझं तर पास गेला की घर आवरा, शाळेतून नाव काढा आणि विमानात बसा. तिच्यासाठी माझा जीव तुटत होता, आणि तरी तिच्याऐवजी मीच राहावं असंही वाटत होतं. तिलाही तसंच वाटत असणार. आम्ही रोज एकत्र जेवायला जायचो आणि फक्त जेवणाबद्दल बोलायचो.

आठवड्याने परत तीच खोली. डीननी विचारलं, मग, कोण?

प्रोफेसर हळूहळू बोलायला लागले. आमच्याकडे दोन डायोसिस एक करायचे असले, की बसलेल्या बिशपला सहसा कोणी उठवत नाही, म्हणाले. गादी रिकामी व्हायची वाट बघतात. म्हातारा मेला की नवीन नेमत नाहीत, संपलं. माझ्या गावात तसंच झालं.

डीन भला माणूस आहे. तो हसला, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "प्रोफेसर, कोणी मरेपर्यंत थांबायला आपल्याकडे वेळ नाही."

"थांबू नका," प्रोफेसर म्हणाले. त्यांनी गळ्यातलं ॲक्सेस कार्ड काढलं आणि डीनसमोर टेबलावर ठेवलं. "मी मेलो असं धरा. करा विलीन."