स्कार्फची गाठ

सिग्नलला शेजारी स्कूटर थांबली. मुलीने तोंडभर स्कार्फ गुंडाळलेला, वर गॉगल. तरी मी हाक मारली, "मधुरा!" माझी भाचीच ती, दचकली. "मावशी, कसं ओळखलंस गं?" स्कार्फची गाठ अशी डाव्या कानामागे तीच मारते.

घरी कॉम्प्युटर उघडला आणि दचकायची पाळी माझी आली. काल एका दुकानाच्या साइटवर, कुठेही नाव न घालता, गुडघ्याचा पट्टा पाहिला होता. आज बातम्या वाचताना त्याच पट्ट्याची जाहिरात समोर हजर. स्क्रीनच्या मापावरून, मी हौसेने भरून ठेवलेल्या मराठी फॉन्टांवरूनही म्हणे या साइट माणूस ओळखतात. बँकेने असं ओळखून माझ्या खात्यात शिरणाऱ्या चोराला अडवावं, ते मला हवंच आहे. पण हे बाकीचे मेले कोण? मी मधुराला निदान हाक तरी मारली होती.