रिकाम्या जागेचा राखणदार

रिकाम्या जागेवर इतका जीव लावणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल. तुम्ही दोघं नातवंडं त्याला एकदाच भेटलात. निघायच्या दिवशी तुमच्या भरलेल्या बॅगा बघून "थोडी जागा राहू द्या रे" म्हणून हळहळणारा तो चष्मेवाला काका. माझ्या नणंदेचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. राहतो बारामतीत, नोकरी इंदापूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात. तिथल्या कॉम्प्युटरांत किती माहिती साठली, किती जागा उरली, कशाच्या प्रती काढायच्या आणि कुठलं जुनं पुसायचं, हे दिवसभर बघणं हे त्याचं काम. ते काम तो संध्याकाळी कारखान्यात ठेवून येत नाही, ही खरी अडचण.

घरात आला की आधी माझा फ्रीज उघडतो, मग "कशा आहात, मामी?" ऐंशी टक्के ही त्याची हद्द. गच्चीवरची टाकी, पिठाचा डबा, स्कूटरची डिकी, काहीही त्याच्यावर गेलं की तो अस्वस्थ होतो. पिंपळीच्या एका लग्नात यजमान जिलबीचा आग्रह करत होते, तर याने ताटावर हात आडवा धरून सांगितलं, "ऐंशी टक्के झालंय, आता फक्त ताक." यजमानांना वाटलं, पाहुण्याला डॉक्टरांनी काही सांगितलंय, त्यांनी बिचाऱ्यांनी बिनतिखटाचं वरण करायला आत निरोप धाडला. माझ्या फोनमधली सुप्रभातची फुलं तो दर महिन्याला पुसतो, पण विचारून. न विचारता एक गुलाबही हलवत नाही.

शिवाय प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती. दोन कारखान्यात आणि तिसरी लांब, म्हणजे तिथे आग लागली तरी ती वाचेल. साबणाच्या वडीएवढी ही तिसरी हार्ड डिस्क साहेबांच्या लेखी परवानगीने माझ्या कपाटात, कुलपात, उशांच्या अभ्र्यांशेजारी असते. "मामी, तुमच्याइतकं शिस्तीचं कपाट दोन तालुक्यांत नाही," असं तो म्हणाला होता, आणि ते प्रशस्तिपत्र मी अजून विसरलेले नाही. दर रविवारी तो नवी डिस्क आणतो, जुनी नेतो आणि सोमवारी ती कोरी करतो.

कारखान्यात सगळ्यात जास्त जागा खातात ते उसाचे फोटो. सभासदाच्या उसाची नोंद करताना कर्मचारी फोनवर प्लॉटचा फोटो काढतो. फोटो उसाचा हवा, पण आपल्याकडे फोटो म्हटलं की घरदार गोळा होतं. टोपी झटकून आजोबा, नवी सून, कडेवरचं मूल, बैलजोडी. ऊस कुठेतरी मागे. भाचा वैतागतो, "मामी, एका एकरामागे अकरा माणसं." गेल्या वर्षी नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा त्याने नियमाप्रमाणे जुन्या हंगामांचे फोटो कारखान्यातल्या दोन्ही प्रतींतून पुसले आणि दोन दिवस शीळ घालत हिंडला.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तो माझ्या दारात उभा. चेहरा उतरलेला आणि सोबत अंथुर्ण्याचे एक वयस्क शेतकरी. गावात त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांची बायको उन्हाळ्यात गेली. दोन वर्षांपूर्वी नोंदीच्या फोटोत ती उभी राहिली होती, हे आठवून ते कारखान्यात आले, तर तो फोटो नुकताच पुसलेला.

"घरात तिचा एकच फोटु हाय, आधार कार्डावरचा," तात्या मला म्हणाले. "त्यात ती माझ्यावर चिडल्यागत बघती. म्या त्यो भितीकडं तोंड करून ठिवलाय."

आता आशा होती ती कपाटातल्या डिस्कवर, आणि दुसऱ्याच दिवशी ती बदलली जाणार होती. पण भाचा तिला हात लावेना. जुनी प्रत उघडायला सभासदाचा अर्ज लागतो म्हणे. मी रोखून पाहिलं, तरी ढिम्म. शेवटी मीच चांगल्या कागदावर अर्ज लिहिला, "विषय: पत्नीचा फोटो मिळणेबाबत", तात्यांनी सही केली, साहेबांनी फोनवर होकार दिला, आणि मगच कुलूप निघालं नि डिस्क भाच्याच्या लॅपटॉपला लागली.

फोटोंना नावं नव्हती, नुसते जमिनीचे गट नंबर. तात्यांचे तीन गट. पहिल्यात फक्त ऊस, दुसऱ्यात शेजाऱ्याची म्हैस. भाच्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. नियमाने केलेलं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच बोचत असावं. तिसऱ्यात ती होती. अगदी कडेला, अर्धी उसात. कुणीतरी बाजूला व्हायला सांगितलं असणार, म्हणून पदर सावरत निघालेली आणि तेवढ्यात मागे वळून हसलेली.

"हीच," तात्या म्हणाले. "जरा मोठं करा."

भाच्याने मोठं केलं.

"आनखी."

त्याने आणखी केलं. मग चेहरा फुटून नुसते चौकोन दिसायला लागले, सावळे, हिरवे, पिवळट. आता यात काही दिसत नाही, असं मी सांगणार होते, पण भाच्याने हातानेच मला थांबवलं. तात्या पडद्याच्या अगदी जवळ सरकले आणि पुन्हा म्हणाले, "आनखी." तो मोठं करत राहिला.