वाट मोडू नये म्हणून

डांबरी रस्त्यावर मनापासून राग धरणारा माणूस सबंध रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई झाला. माझ्या नणंदेचे यजमान, आमचे भावोजी, यांचं महाडच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या त्यांचा डावा पाय सारखा क्लच दाबत असतो. डोंगराकडची एखादी बाई चोळीचं कापड घ्यायला आली, की रंग कुठला हे विचारायच्या आधी भावोजी विचारणार, "तुमच्या ओढ्यावरची वाट यंदा राहिली का गेली?" बाई सांगू लागली, की हे उठून उभेच. अर्धं फाडलेलं कापड गादीवर टाकून जीप काढताना मी त्यांना दोनदा पाहिलंय. उरलेलं कापड नणंदेने फाडून दिलं, बाईला चहाही पाजला.

नाते गावात माझ्या पुतणीचं लग्न होतं. महाडहून तिथवर सरळ रस्ता आहे, माणूस झोपेतही पोचेल. नवरीचा शालू दुकानातून आणायचं काम भावोजींकडे होतं आणि ते सगळ्यांच्या दोन तास आधी निघाले, त्यामुळे मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मुहूर्त आला, शालू आला नाही. शेवटी माझी नवीकोरी पैठणी नवरीला नेसवली आणि मी नणंदेची साधी साडी नेसून अक्षता टाकल्या. हे मी अजून विसरलेले नाही. जेवणाची पहिली पंगत उठताना हे आले, कमरेपर्यंत चिखलात, शालूचा खोका डोक्यावर. "एक थेंब लागू दिला नाही, वहिनी," म्हणाले. वर, सरळ रस्ता सोडून शेतातल्या ज्या वाटेने ते आले, तिथून वऱ्हाडाची बसही सहज आली असती, असं त्यांचं मत होतं.

मला चिडायचा हक्क आहे, कारण शाळेत गणित शिकवून दुखणारी माझी कंबर त्यांच्या जीपमध्ये बसून पार कामातून गेली. तरी बोलावलं की मी जात असे. एरवी उतावळा असलेला हा माणूस ओढ्याशी आला की गाडी थांबवायचा, चपला काढायचा आणि आधी स्वतः पाण्यात उतरून पलीकडे जाऊन यायचा. कुठला दगड हलतो, कुठे वाळू खचते, हे तळव्यांनी बघून मगच चाक पाण्यात घालायचा. कुणाच्या खाचराचा बांध त्यांनी कधी मोडला नाही. गुरं शिरू नयेत म्हणून वाटेत लावलेलं काट्यांचं फाटक काढलं तर उतरून पुन्हा जसंच्या तसं लावायचे. एकदा मी विचारलं, एवढं काय मिळतं यात? त्यांनी आधी चपला पायात घातल्या. मग म्हणाले, "दुकानात मला दिवसभर लोक सांगतात, हे दाखवा, ते दाखवा. इथं दर हातभर वाटेला माझं मलाच ठरवावं लागतं."

पण वाटा जाऊ लागल्या. तुडीलची नदीकाठची वाट एका बंगल्याच्या कुंपणात गेली. एक जंगलाच्या कडेने खणलेल्या चराने तुटली, एक हायवे रुंद होताना भरावाखाली गाडली गेली. वाट गेली की त्या दिवशी भावोजी जेवत नसत. नणंद मला फोन करून हळूच सांगायची, "आज पण एक गेली गं." मग त्यांच्या डोक्याने घेतलं, की वाट वहिवाटीने जगते, चाक फिरत राहिलं तर कुणाची बंद करायची छाती होणार नाही. तेव्हापासून उरलेल्या प्रत्येक वाटेवरून महिन्यातून एकदा जीप न्यायची, सण असो, सुतक असो. गणपतीच्या आरतीतून पळालेले मी पाहिलेत.

शेवटी धड अशी एकच वाट राहिली, उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीवर चढणारी. तिच्या पायथ्याची जमीन मुंबईच्या एका गृहस्थांनी घेतली आणि लोखंडी गेट बसवलं. वाट मोकळी करा म्हणून वाडीने तहसीलदारांकडे अर्ज केला. गृहस्थांचं म्हणणं, ही नुसती पायवाट, गाडी इथून कधी गेलीच नाही. वाडीवर कुणाकडे गाडी नाही, तेव्हा साक्ष देऊ शकेल असा माणूस एकच.

भावोजी आमच्याकडे आले ते बसेनात. ओटीवरून स्वयंपाकघरात, तिथून परसात, पुन्हा ओटीवर. तीन चहा त्यांनी उभ्यानेच संपवले. मग खिशातून एक किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली. गेटची. त्या गृहस्थांनाही जीपचा नाद होता. तुम्ही हवं तेव्हा या, फक्त साक्षीच्या भानगडीत पडू नका, असं त्यांनी गोड बोलून सांगितलं होतं. आणि वाट गाडीची ठरली, की तिथे काँक्रीटचा रस्ता होणार हे ठरलेलं होतं. गप्प बसले तर वाट जन्मभर त्यांची.

"वाडीत काय म्हणतात?" मी विचारलं.

वाडीवर एक काकी होत्या, भावोजी नेहमी त्यांच्या ओट्यावर टेकत. त्या रागावल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमची हौस हाय. आमच्या पोरी पावसात दप्तर डोक्यावर घेऊन हीच वाट उतरतात. ती हौस नाय."

एवढं सांगून भावोजी पुन्हा परसात जाऊन आले. मी काही सल्ला दिला नाही. मला तर त्या क्षणी त्यांनी किल्ली ठेवून घ्यावी असंच वाटत होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पाहणीच्या दिवशी मी सोबत गेले. तहसीलदार साहेबांनी विचारलं, गाडी किती वर्षं नेताय? भावोजी म्हणाले, "बावीस. ही वाट गाडीची आहे. कुठल्या वळणाला कुठला दगड आहे तेही सांगतो." आणि खरंच सांगितलं, खालपासून वरपर्यंत, एकेक दगड. साहेबांना निघायची घाई होती, पण तेही ऐकत राहिले. सांगून झाल्यावर भावोजींनी किल्ली त्या गृहस्थांच्या हातात दिली आणि मान खाली घालून जीपमध्ये जाऊन बसले.

रस्ता झाला. गेल्या महिन्यात भावोजी मला वर घेऊन गेले. पूर्वी चढायला पाऊण तास लागायचा, आता सात मिनिटं लागली आणि माझ्या कमरेला कळलंसुद्धा नाही. काकी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि ओशाळल्या. "आलात पण? पूर्वी गाडी खालून कण्हायला लागली की मी चुलीवर चाय ठेवायची. तुमी येईस्तोवर उकळायचा. आज आवाजच नाय आला गो बाय."

"असू दे," भावोजी म्हणाले. "ठेवा आता. थांबतो मी."

आणि ओट्यावर बसले. समोरून दोन पोरी सायकलवर डबलसीट, हसत उतरणीला लागल्या. भावोजी त्यांच्याकडे बघत राहिले. चहा झाला, दुसरा झाला, ऊन उतरलं, तरी हलेनात. एवढी वर्षं या माणसाच्या घाईला मी बोल लावले, पण त्या संध्याकाळी त्यांनी ताडकन उठून "चला वहिनी, चला" म्हणावं असं मला फार वाटत होतं. मीच शेवटी उठले आणि म्हणाले, "निघायचं ना, भावोजी?"

"बसा हो," ते म्हणाले. "खाली जायला आता वेळ कुठे लागतो?"