आईच्या नावावरची तार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तसा मी बडबड्या. बारसं असो की मयत, दोन किस्से सांगितल्याशिवाय उठत नाही. कुठल्या मेव्हण्याचं धोतर कुठल्या मांडवात सुटलं, हे भावकीला कळलं ते माझ्याच तोंडून. ही एक गोष्ट तेवढी वीस वर्षं पोटात राहिली. का राहिली — ते तुम्हीच बघा.

आणीबाणीच्या आधीचं साल. आम्ही साताऱ्याजवळच्या खेड्यात राहायचो. मी साखर कारखान्यात टाइमकीपर, म्हणजे दुसऱ्यांचा उशीर लिहून ठेवणारा. घरात आई, बायको सुमन, सहा वर्षांची रंजना आणि तीन वर्षांचा बाळू. सुमन मॅट्रिक झालेली. त्या वर्षी सांगलीला नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला लग्न झालेल्या बायकाही घेणार होते. अर्ज करायला लावला तो माझ्या आईनं. तिला अक्षरओळख नव्हती, पण सुईणीच्या हातावर तिची दोन लेकरं गेली होती. म्हणाली, "जा गं पोरी. मी हाय की. भाकरी मी थापीन, रान मी बघीन. पोरांचं ह्यो बघंल."

ह्यो — म्हणजे मी.

बायको नर्सिंगला लागली की घरात काय होतं, हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? सहा वर्षांच्या पोरीच्या दोन वेण्या घालायला किती हात लागतात, ठाऊक आहे? मला दोनच होते. भांग सरळ पाडला की वेणी तिरकी, वेणी सरळ आली की रिबीन गायब. तोवर बाळू चड्डी काढून गोठ्यात. त्याला धुवून आणावं तर स्टोव्हची पिन सापडत नाही. आई पहाटेच भाकरी करून रानात गेलेली. आणि कारखान्याचा भोंगा माझ्यासाठी थांबायचा नाही.

सुमन महिन्यातून एकदा रविवारी यायची. मला वाटायचं बायको येईल, यायचा इन्स्पेक्टर. दारातच पोरांची नखं तपासायची. "पाणी उकळलं होतं का? खरं सांगा हं!" मग सगळ्या वाकळा ओढ्यावर. संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या झोपायची, हातातलं पुस्तक तसंच. पुस्तकात हाडांची चित्रं. दोनशे सहा हाडं तिला पाठ, आणि नवऱ्याचं एकही हाड धड राहिलेलं नाही हे दिसत नव्हतं — असं मी तेव्हा म्हणायचो. ती वॉर्डात किती तास उभी असायची, हे मी एकदाही विचारलं नाही.

एके दिवशी रंजनाला बाईंनी शाळेतून परत पाठवलं. डोक्यात उवा झाल्या होत्या. त्याच दिवशी बाळूला जुलाब. आई बाजाराला गेलेली. मी दोघांना घेऊन कारखान्यात गेलो. गेटवर सगळी पाळी उभी. एकजण म्हणाला, "काय गड्या, आज टाइमकीपर लेकुरवाळा?" दुसरा म्हणाला, "आवं, अंगावर पाजताय का वरचं दूध?" सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता जे डोक्यात गेलं ना — ते उतरलंच नाही.

आता तारेचं सांगतो. आमच्या गावातली निम्मी घरं लष्करातली. जवानाला रजा हवी असली — सुगी असो, बहिणीचं लग्न असो — की घरून तार जायची: मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. इंग्रजी येणारा मी, म्हणून तार मीच लिहून द्यायचो. गावातली बहुतेक प्रत्येक म्हातारी माझ्या हातून एकदा तरी मरणाच्या दारात जाऊन आलेली. माझी आई फौजेतल्या माझ्या थोरल्या भावाच्या रजेसाठी दोनदा सिरियस झाली होती. दोन्ही वेळा ती जोंधळा काढत होती.

तीच तार मी त्या दुपारी सांगलीला केली. पोरांना तारेत आजारी पाडायला जीव धजेना. आईचं काय, तिला सवय होती. तारबाबूनं चष्म्यावरून बघितलं. "परत आई?" म्हणाला. मी म्हणालो, "परत."

दोन दिवस सुमन येईल, पोरांचं बघेल, मी जरा पाय पसरीन, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी तिची पहिल्या वर्षाची परीक्षा आहे, हे मला माहीत नव्हतं —

थांबा. हे खोटं आहे. हेच वाक्य मी इतकी वर्षं मनात घोकलं, म्हणून सवयीनं आलं. माहीत होतं. तिचं पत्र माझ्या खिशात होतं. तारीख लिहून खाली रेघ मारलेली. तिनं परीक्षा टाकून यावं असंच मला वाटत होतं का? हो. वाटत होतं. गेटवर जे हसले त्यांच्यावरचा राग काढायला मला तीच सापडली.

सुमन दुसऱ्या दिवशी दुपारी आली. पांढऱ्या साडीतच. आई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. सुमननं पिशवी टाकली, खाली बसली आणि आईचं मनगट धरलं. घड्याळाकडे बघून नाडी मोजली, पूर्ण एक मिनिट. आई आपली टकामका बघतेय. मोजून झाल्यावर सुमन रडली. मग माझ्याकडे वळली. "तार कुणी केली?"

एवढा एक प्रश्न. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "आईनं करायला लावली. तिला तुझी लई आठवण आली."

आईच्या हातात शेंग होती. तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग सुमनला म्हणाली, "व्हय गं. म्याच सांगितलं. चुकलं माझं."

मला आई ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनाला पुढ्यात घेऊन ती एवढंच म्हणाली, "आजपास्नं पोरीची येणी मी घालीन. तू जा कामावर."

सुमनची परीक्षा हुकली, सहा महिने वाया गेले. बरोबरच्या पुढं गेल्या, ही मागच्या बॅचबरोबर बसली. पास झाली, नोकरीला लागली, तालुक्याच्या दवाखान्यात नावाजली. पण आईशी तिचं तुटलं ते तुटलंच. आधी दोघी एका ताटात जेवायच्या. नंतर सुमन ताट वाढून पुढे ठेवायची आणि आत जायची. आई शेवटी वर्षभर अंथरुणाला होती. सुमननं औषध, अंघोळ, सगळं वेळेवर केलं. ड्युटी केली. आई अधूनमधून तिच्याकडे बघायची, माझ्याकडे कधीच नाही. मी उशाशी बसून तिला गावातले किस्से सांगायचो. अख्ख्या वर्षात ती एक गोष्ट सांगायला मला तोंड नव्हतं? होतं की. किस्से त्याच तोंडानं सांगत होतो.

परवा रंजना आली होती. ती इस्लामपूरला दिलेली, पोर दीड वर्षाचं. तिलाही आता सांगलीला नर्सिंगला जागा मिळालीय. सासू म्हणते, "जा बाई, बाळ मी सांभाळते." सुमननं हे ऐकलं आणि चहाची कपबशी खाली ठेवली. "सासूच्या भरवशावर जाऊ नकोस. गोड बोलून पाठवतात आणि ऐन परीक्षेला खोटी तार करतात. माझे सहा महिने गेले. विचार तुझ्या बाबांना."

रंजनानं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "हं."

जाताना ती म्हणाली, "मग नकोच ते. जागा सोडते."

रंजना, तुझ्या आजीला कसली तार आणि कसलं काय, काही ठाऊक नव्हतं. तार मी लिहिली, मीच पाठवली, आणि तिच्या समोर तिच्या नावावर टाकली. सुमन, तूही वाच. तुझी परीक्षा मी घालवली. ती म्हातारी तुझ्या बाजूची होती, शेवटपर्यंत.