वडिलांच्या धोतराचा पडदा

उदगीरला माझा स्टुडिओ होता तेव्हा उजेड मऊ करायची विकतची साधनं आमच्याकडे कुणी पाहिलीही नव्हती. मी बांबूच्या कामट्यांच्या दोन चौकटी केल्या, त्यांवर वडिलांचं जुनं धोतर फाडून ताणून शिवलं आणि ते पडदे दिवा आणि माणूस यांच्यामध्ये धरायला लागलो. आभाळ भरून आल्यावर अंगणात पडतो तसा उजेड त्यातून यायचा. पडदा चेहऱ्याच्या जितका जवळ, तितक्या सावल्या कमी. बाकीचे फोटोग्राफर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवत. मी त्यांना लबाड म्हणायचो. आपण पेन्सिलीला कधी हात लावला नाही, याचा मला भारी तोरा होता.

बायकांचे फोटो असले की पडदा माझी धाकटी बहीण धरायची. तिला लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गालांवर वण राहिले होते. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. तिथल्या नव्या कचेरीत लागलेल्या एका मुलाचं स्थळ मुखेडकडून सांगून आलं. त्यांनी आधी फोटो मागवला. मी बहिणीला स्टुलावर बसवलं, दोन्ही बाजूंना पडदे उभे केले आणि सरकवत सरकवत पार तिच्या कानांपर्यंत आणले.

"अण्णा, एवढं नको," ती म्हणाली. "लोक बघायला येनारच हायत की."

"गप बस," मी म्हणालो.

फोटो असा निघाला की माय तो हातात धरून रडली. एक वण दिसत नव्हता, आणि पेन्सिल लावलेली नव्हती.

पाव्हणे आले ते ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी. दुष्काळाचं वर्ष, आभाळात ढगाचा ठिपका नाही. घरात उकडून निघत होतं म्हणून बैठक अंगणात, भिंतीच्या कडेला टाकली. बहीण पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. मुलाच्या आईने पिशवीतून फोटो काढला, तिच्या गालाशेजारी धरला आणि मला विचारलं, "ही कोन हाय?"

"हीच आहे. मी पेन्सिल लावलेली नाही," मी म्हणालो.

आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. बहीण तांबे धरून तशीच उभी होती. तिला आत जा म्हणायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

पाव्हण्यांनी चहाही घेतला नाही. दारातून निघताना मात्र मुलाची आई थांबली.

"पोरगी न्हाई जमायची," ती म्हणाली. "पन फोटू लई चांगला काढतूस बाबा. माझ्या लेकीचं बघून राहिलो आम्ही. तिचा काढून दे तसाच."

तिला तिथल्या तिथे हाकलून द्यायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. "या की," मी म्हणालो.

आठच दिवसांत ती लेकीला घेऊन आली. मुलीच्या गालावर भाजल्याचा मोठा, खडबडीत वण होता. बहीण त्या दिवशी स्टुडिओत येणार नाही असं मी धरून चाललो होतो, पण ती आली. टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर वाचवून तिने सकाळीच दोन्ही पडदे पुसून घेतले होते. मुलगी स्टुलावर अंग चोरून बसली. बहिणीने तिचा पदर नीट केला. "हलू नको, चांगला येईल," तिला म्हणाली आणि पडदा उचलला. मुलीची आई भिंतीकडे बघत होती.

"अण्णा, किती जवळ धरू?" बहिणीने विचारलं. "माझ्या टायमाला व्हता तेवढा?"

मी स्टँडवरच्या कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि तिथूनच म्हणालो, "हाव. तेवढाच."