गुगली आणि थर्ड अंपायर

उजव्या हाताची मूठ ते आधी छातीशी आणत, मग तिच्यातलं एक बोट सुटं करून सावकाश, काही घाई नसल्यासारखं, खांद्याच्या वर नेत. चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून तुम्ही कधी एखादा क्लबाचा सामना पाहिला असेल, तर असं बोट तुमच्या ओळखीचं असणार. फरक एवढाच की माझ्यावर ते उगारलं जायचं तेव्हा माझ्या हातात बॅट नसायची, नवाकोरा कॅमेरा असायचा.

"आउट," ते म्हणत. आणि वर, "दिसलं तेवढं दिलं."

सगळं पार्क त्यांना अंपायरसाहेब म्हणायचं. नोकरी त्यांनी कुठल्याशा कचेरीत केली, पण ती पोटापुरती. खरं जगले ते रविवारी, पांढऱ्या कोटात. गुडघे कुरकुरायला लागल्यावर कोट कपाटात गेला, निकाल द्यायची सवय मात्र बाहेरच राहिली. भेळवाल्याने चिंचेच्या पाण्यात हात आखडता घेतला की यांचा एक हात आडवा, नोबॉल. सकाळी फिरणाऱ्यांपैकी कुणी राजकारणावर लांबण लावली की दोन्ही मनगटं गुडघ्यांपाशी एकमेकांवरून जात. डेड बॉल, विषय संपला. आणि गंमत म्हणजे विषय खरंच संपायचा. त्यांच्या निकालावर मैदानात कधी कुणी तोंड उघडलेलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, त्याशिवाय त्यांचे निकाल कळायचे नाहीत. पन्नाशी उलटली की माणसाला छंद जडवून घ्यावासा वाटतो. मी आधी बासरी घेतली. शेजाऱ्यांनी विनंती केल्यावर सायकल घेतली. तिच्यावर सध्या टॉवेल वाळतात. मग कॅमेरा घेतला आणि थेट शिवडीला रोहित पक्षी टिपायला गेलो. राखाडी चिखलावर गुलाबी ठिपके, असे बरेच फोटो आले. एका फोटोत माझा चिखलात रुतलेला बूट मात्र सुरेख आला होता. बायको म्हणाली, "पक्षी राहू दे. हलणार नाही असं काहीतरी शोध." मला ते लागलं. म्हणून मी कुत्री शोधली.

कुत्री निदान ओळखीची असतात, असा माझा हिशेब होता. तो गुगलीने पहिल्याच सकाळी मोडून काढला.

गुगली हा अंपायरसाहेबांचा कुत्रा. गावठी, पिवळट, डावा कान कधीतरी भांडणात फाटलेला. डावीकडे जातोय असं वाटावं तर हमखास उजवीकडे जायचा, म्हणून हे नाव. पट्टा सोडला की हा प्राणी मैदानावर गोल, तिरका, आडवा, जमेल तसा धावायचा. मी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत तो नेटच्या पलीकडे पोचलेला असे. माझ्या पहिल्या फोटोत शेपूट आलं. दुसऱ्यात नुसतं मैदान आलं, मैदान म्हणून चांगलं.

कट्ट्यावर बसलेल्या त्या गृहस्थांनी न विचारता कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यात डोकावून पाहिलं आणि दोन्ही हात बाजूला पसरले.

"वाइड. कुत्रा चौकटीच्या बाहेर आहे."

तिसऱ्या फोटोत गुगली होता, पण कुणीतरी भिंतीवर हळद फासावी तसा. तेव्हा ते बोट मी पहिल्यांदा पाहिलं.

"थोडी सवलत द्या की, नवा आहे मी," मी म्हटलं.

"माझ्या सख्ख्या मेहुण्याला मी शून्यावर पायचीत दिलाय," ते म्हणाले. "वर्षभर बोलला नाही, दिवाळीलासुद्धा. तुम्ही कोण?"

अशी आमची ओळख झाली. मग मी रोज जायला लागलो, रोज बाद व्हायला लागलो. खरं सांगतो, मला त्याची चटक लागली. ऑफिसात माझ्या कामाकडे इतकं निरखून कुणीच बघत नव्हतं.

एकदा ते मला घरी चहाला घेऊन गेले. पार्काच्या मागच्या गल्लीतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुगली दोन जिने उड्या मारत चढला आणि तिसऱ्या जिन्यावर एकदम माणसात आला. दारातून तर चोरपावलांनी शिरला. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी, काकू, पलंगावर होत्या. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेलेली, डावा हात आणि जीभ मात्र शाबूत. गुगली पलंगापाशी गेला, गादीवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले. मी थक्क झालो. हाच तो कुत्रा, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

काकूंनाही पटत नव्हतं. तीच तर सगळी भानगड होती.

"बघा कसा मलूल पडून असतो," त्या मला म्हणाल्या. "माझ्यामुळे. आजाऱ्याच्या घरात राहून मुक्या जनावराचाही जीव विटतो. अलिबागला माझ्या भाच्याची वाडी आहे. दिवाळी झाली की तो येऊन नेईल याला. तिथे मोकळा धावेल तरी."

"अगं, इथे धावतो तो. रोज धावतो. वेड्यासारखा," अंपायरसाहेब म्हणाले.

"मला बरं वाटावं म्हणून सांगता तुम्ही."

तुम्हीच बघा, ज्याच्या शब्दावर भल्याभल्या फलंदाजांनी मुकाट बॅट काखेत मारली, त्या माणसाच्या शब्दाला घरात कवडीची किंमत नव्हती. जिना उतरताना ते म्हणाले, "घरी थर्ड अंपायर आहे. पुराव्याशिवाय ऐकत नाही." मग फाटकापाशी थांबून, गुगलीकडे न बघता म्हणाले, "हा गेला तर मी सकाळी उठून करू काय?"

मला भरून आलं. म्हणून मी छाती पुढे काढून सांगितलं, "फोटो मी देतो."

पुरावा काय हवा, हे काकूंनी स्वतःच ठरवलं होतं. मोबाइलवर त्याआधी व्हिडिओ काढून झाला होता. त्यात दूरवर एक पिवळा ठिपका पळताना पाहून त्या म्हणाल्या होत्या, "हा आपला कशावरून? अशी कुत्री पार्कात ढीगभर आहेत." शिवाय हलणारं चित्र त्यांना नको होतं. भिंतीवर लावून पडल्या पडल्या निरखता येईल असं हवं होतं. फाटका कान स्पष्ट दिसला पाहिजे आणि चारही पाय जमिनीपासून सुटलेले पाहिजेत.

मी शटरचा वेग वाढवला, फोटो काळे आले. उजेड वाढवला, गुगली पांढरा आला. बिस्किट दाखवलं तर तो पळत येण्याऐवजी होता तिथेच शहाण्यासारखा बसला, कारण बिस्किट बसल्यावर मिळतं हे त्याला काकूंनीच शिकवलेलं. कॅमेरा कुत्र्याच्या उंचीवर आणावा असं मी कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून एके दिवशी मैदानातल्या लाल मातीत पालथा पडलो, कोपर टेकले, एक डोळा मिटला आणि श्वास रोखून धरला.

त्याचा परिणाम असा झाला की हास्यक्लबाची मंडळी हसायची थांबून माझ्याकडे धावत आली.

"फिट आलीय! कांदा आणा कुणीतरी!"

"कांदा कुठून आणू? चप्पल घ्या, चप्पल!"

मी "अहो, फोटो" एवढंच म्हणू शकलो, कारण तोवर एका सद्गृहस्थाने आपली कोल्हापुरी माझ्या नाकावर दाबली होती. दुसऱ्याने माझे पाय धरले. या सगळ्याने गुगलीला मात्र आनंदाचा झटका आला आणि तो वाऱ्यासारखा सरळ माझ्याकडे धावत आला. चारही पाय हवेत, कान उडतायत, मी दीड महिना ज्याची वाट बघत होतो अगदी तसा. येऊन त्याने माझं तोंड चाटलं. बटणावर बोट होतंच, ते दाबलं गेलं. आलेला फोटो आजही माझ्याकडे आहे. त्यात एक जीभ आहे आणि एक कोल्हापुरी आहे.

अंपायरसाहेबांनी गर्दी पांगवली, फोटो पाहिला आणि मनगटं एकमेकांवरून नेली. डेड बॉल.

"तुम्ही जरा त्याला पळवा ना," मी कपडे झटकत वैतागून म्हटलं. "तुम्ही धावलात तर तो मागे येईल."

"अंपायर धावत नसतो," ते म्हणाले. "उभा राहतो आणि बघतो."

दिवाळी आली, फराळ झाला, तुळशीचं लग्न लागलं. भाच्याचा फोन आला की उद्या दुपारी गाडी घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंपायरसाहेब कट्ट्यावर बसले नाहीत. गुगलीचा पट्टा सोडून मैदानात उभे राहिले. गुगली आपला नेहमीसारखा लांब कुठेतरी कावळ्यांच्या मागे. मी चार-दोन फोटो काढले, त्यांनी ते पाहिलेही नाहीत.

मग त्यांनी चष्मा काढून माझ्या खिशात घातला. चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या. पँट घोट्याच्या वर दुमडली.

आणि धावले.

धावले म्हणजे काय, कुरकुरणारे गुडघे आणि ते वय. दोन्ही हात पसरून, वाइड देतात तसे, लडखडत निघाले. "गुगल्या! अरे ए गुगल्या!" अशी हाक त्यांच्या घशातून येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. नेटमधला एक मुलगा ओरडला, "काकाऽ, संभालके!" गुगली जागच्या जागी थांबला. मालकाला धावताना त्यानेही आयुष्यात पाहिलं नसावं. क्षणभर बघत राहिला, आणि मग असा सुटला की माती उडाली.

मी कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला आणि बटण दाबलं. तेवढी एक गोष्ट मला त्या दिवशी कशी जमली ते मी आजतागायत सांगू शकत नाही. पुन्हा जमलेली नाही.

फोटो स्वच्छ आला होता. चारही पाय हवेत, फाटका कान झेंड्यासारखा उभा, तोंड उघडं, आणि नजर वर, चौकटीबाहेर कुणाकडे तरी लागलेली. धापा टाकत ते आले, चष्मा लावला, पडद्यात बघितलं. मी बोटाची वाट पाहत होतो. बोट आलं नाही.

"हा निर्णय माझा नाही," ते म्हणाले. "वर पाठवू."

स्टेशनजवळच्या स्टुडिओतून मोठी प्रत काढून आम्ही तिसरा मजला चढलो. काकूंनी ती डाव्या हाताने डोळ्यांजवळ धरली. गुगली हनुवटी टेकून पडला होता, त्याच्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा फोटोकडे.

"कान याचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण हा असा बघतोय कुणाकडे?"

"माझ्याकडे," अंपायरसाहेब म्हणाले.

"तुम्ही काय करत होता?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मीच म्हटलं, "काकू, ते धावत होते. अनवाणी."

काकू हसल्या. अर्ध्या चेहऱ्याने, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "नॉट आउट. भाच्याला फोन करा, येऊ नको म्हणावं."

पुढच्या वर्षी पाऊस सरता सरता अंपायरसाहेब गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. बातमी कळताच मी गेलो तेव्हा घरात लावायच्या फोटोची शोधाशोध चालली होती. कुणीतरी म्हणालं, "यांना विचारा ना, हे तर रोज काढायचे फोटो." मी घरी येऊन सगळे फोटो चाळले. शेकड्यांनी गुगली. शेपटं, पाय, मैदान, जीभ. कट्ट्यावरचा तो माणूस एकातही नाही. रोज तासभर ज्याच्या शेजारी उभा राहिलो, त्याच्याकडे मी एकदाही कॅमेरा वळवला नव्हता. हलणाऱ्याच्या मागे लागलो आणि हलत नव्हता तो सुटला. शेवटी जुन्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला.

दिवस झाल्यावर मी काकूंना हे सांगितलं. सांगताना मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. त्यांनी ओळखपत्रावरच्या फोटोकडे पाहिलंही नाही. डाव्या हाताने पलंगासमोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे गुगली उधळला होता, नजर चौकटीबाहेर.

"त्यात आहेत की," त्या म्हणाल्या. "हा बघतोय ना, तिथेच धावतायत. मला दिसतात." आणि वर, "दिसलं तेवढं दिलं."

आता सकाळी गुगलीला मी नेतो. कॅमेरा गळ्यात असतो. परत आल्यावर त्या दिवसाचा फोटो काकूंना दाखवायचा, हा आमचा नेम झालाय. कालचाच फोटो घ्या, तो काढताना मला वाटलं होतं की आज जमलं. काकूंनी कॅमेरा डोळ्यांजवळ घेतला, नीट पाहिला, गादीवर ठेवला. डाव्या हाताची मूठ छातीशी आणली, आणि बोट वर गेलं. सावकाश, अगदी तसंच.